सोसायटीत नवीन राहायला आलेल्यांसाठी: पार्किंगची जागा, शेजाऱ्याची गाडी आणि वाद सोडवण्याची रीत

सामानाचा टेम्पो नव्या सोसायटीच्या फाटकाशी थांबतो तेव्हा वॉचमन पहिल्यांदा नाव विचारत नाही. ‘गाडी कुठली आणि लावणार कुठे?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे कागदावर असते त्यांचे सहसा बरे चालते, आणि ज्यांच्याकडे केवळ ‘एजंट म्हणाला होता’ एवढेच असते ते महिन्याभरात माझ्या टेबलापाशी उभे असत. पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सोसायटीत मी सहा वर्षे सचिव होतो. त्या काळात आलेल्या लेखी तक्रारींचा सर्वांत जाड गठ्ठा पार्किंगचा होता, त्याच्या खालोखाल गळतीचा. त्या अनुभवावर आणि महाराष्ट्रातील नियमांवर आधारलेली ही माहिती सदनिका विकत घेणाऱ्यांसाठी आहे, तशीच भाड्याने राहायला येणाऱ्यांसाठीही आहे.

पहिली पायरी: आपला हक्क नेमका कोणता, हे कागदावर पाहावे

पार्किंगच्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी एक गैरसमज असतो. रंगवलेल्या चौकटीत सदनिकेचा क्रमांक लिहिलेला दिसला की ती जमीन आपली झाली, असे माणसाला वाटू लागते. प्रत्यक्षात संस्थेने वाटप केलेल्या जागेत सदस्याला गाडी उभी करण्याचा, म्हणजे वापराचा हक्क मिळतो. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण आपली जमीन कोणी बळकावली असे समजणारा माणूस जसा वागतो तसा आपल्या वापरात अडथळा आला असे समजणारा वागत नाही.

याबाबतचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईतल्या दहिसरच्या एका सोसायटीचा आहे. नाहलचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी स्पष्ट केले की १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखाली, ज्याला सर्वजण ‘मोफा’ म्हणतात, इमारतीच्या खांबांमधली स्टिल्टची जागा म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे, आणि म्हणून बिल्डरला स्टिल्टमधली किंवा उघड्यावरची पार्किंगची जागा सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही. पुढे २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डर आणि घरखरेदीच्या व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा आला. त्यात उघड्यावरच्या पार्किंगचा समावेश सामाईक क्षेत्रात केलेला आहे, आणि वर छप्पर व तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच गॅरेज म्हटलेले आहे. महारेराने, म्हणजे या कायद्याखाली महाराष्ट्रात नेमलेल्या प्राधिकरणाने, २०२१ च्या परिपत्रकात उघड्यावरच्या पार्किंगसाठी पैसे घेता येणार नाहीत हे पुन्हा बजावले, मात्र गॅरेज आणि आच्छादित पार्किंग मोबदला घेऊन देता येते, फक्त त्याचा तपशील करारात असला पाहिजे, असे सांगितले. २०२४ मध्ये त्यापुढे जाऊन जागेची लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतले नेमके स्थान करारासोबतच्या जोडपत्रात लिहिणे बंधनकारक केले. दोन खांबांच्या मध्ये गाडी शिरते पण दार उघडत नाही, अशा तक्रारी वाढल्यानंतरचा हा आदेश आहे.

नवीन इमारतीत घर घेत असाल तर हे जोडपत्र सही करण्यापूर्वी वाचावे आणि शक्य असल्यास टेप घेऊन त्या जागी जाऊन यावे. जुन्या इमारतीत पुनर्विक्रीचे घर घेत असाल तर प्रश्न वेगळा असतो. तिथे विकणारा मोठ्या उत्साहाने ‘पार्किंगसकट’ असे म्हणतो. पण आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या कारभारासाठी असलेल्या नमुना नियमांनुसार, संस्थेने वाटप केलेली जागा विकण्याचा किंवा दुसऱ्याच्या नावे करण्याचा हक्क सदस्याला नसतो. त्यामुळे विकणाऱ्याच्या शब्दाऐवजी संस्थेच्या सचिवाला लेखी विचारावे: या सदनिकेच्या नावे सध्या कोणती जागा आहे, ती कायम आहे की वर्षापुरती, आणि सभासदत्व हस्तांतरित झाल्यावर ती आपल्याला मिळणार की प्रतीक्षायादीत जाणार? हे विचारायला लोक संकोचतात आणि पुढे तीन वर्षे भांडतात.

भाडेकरूंसाठी गोष्ट सोपी आहे, पण दुर्लक्षिली जाते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. त्याच करारात ‘पार्किंग जागा क्रमांक अमुक, एक चारचाकी’ एवढी ओळ घालून घ्यावी. ती नसेल तर मालकाने स्वतःची दुसरी गाडी तिथे आणून लावली तरी तुमच्या हातात काही उरत नाही, आणि समितीही भाडेकरूच्या तोंडी सांगण्यावर जागा देत नाही.

दुसरी पायरी: वाटपाची पद्धत समजून घ्यावी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पार्किंगसाठी स्वतंत्र भाग आहे आणि बहुतेक सोसायट्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारलेला असतो. त्याचा गाभा असा: ज्याच्याकडे वाहन आहे तोच सदस्य जागेसाठी पात्र ठरतो; एका सदस्याला सर्वसाधारणपणे एकच जागा मिळते; जागा शिल्लक राहिल्या तर एखाद्याला दुसरी किंवा तिसरी जागा मिळू शकते, पण ती वर्षापुरती, आणि ज्याला एकही जागा मिळालेली नाही असा सदस्य पुढे आला तर ती सोडावी लागते. गाड्या जागांपेक्षा जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायचे असते, आणि त्याची रीत तसेच शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते.

आमच्याकडे चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून निघत, आणि त्या काढायला कोणाचेतरी सहा-सात वर्षांचे मूल बोलावले जाई, कारण मोठ्या माणसाने काढलेल्या चिठ्ठीवर कोणाचाच विश्वास नसे. हे हास्यास्पद वाटेल, पण त्या डब्यामुळे आमच्या इमारतीतली भांडणे अर्ध्यावर आली, कारण वाईट जागा मिळाल्याचा राग धरायला समोर माणूस उरला नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे नवीन सदस्याने आपला अर्ज जुलै-ऑगस्टमध्येच, वाहनाच्या नोंदणीपत्राची प्रत जोडून, सचिवाकडे द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ऑक्टोबरमध्ये गाडी घेऊन ‘आता जागा द्या’ म्हणणाऱ्याला पुढच्या सभेपर्यंत थांबावे लागते. गाडी बुक करण्यापूर्वी जागेची चौकशी करणारे लोक मला सहा वर्षांत मोजून चार भेटले.

चारचाकीच्या जागेचे राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतले माप अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब असे आहे, आणि काही जागा त्याहून लहान, २.३ बाय ४.५ मीटरच्या ठेवण्याची मुभा आहे. जुन्या इमारतींत तर चौकटी नंतर रंगवलेल्या असतात आणि त्यांना कसलेच माप नसते. चार मीटरच्या आतली छोटी गाडी कुठेही मावते. मोठी एसयूव्ही मात्र आरशांसकट दोन मीटरच्या पुढे जाते, म्हणजे अडीच मीटरच्या चौकटीत तिच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा मीटर उरतो. ही गाडी घेताना तुम्ही नकळत शेजाऱ्याच्या दाराची जागाही घेत असता. दुचाकीसाठी एक बाय दोन मीटर धरलेले असते आणि तिच्यासाठीही समितीची परवानगी व शुल्क लागते; ‘स्कूटर काय, कुठेही राहते’ हा समज चुकीचा आहे.

तिसरी पायरी: गाडीची ओळख फाटकावर द्यावी

पहिल्याच आठवड्यात वाहन क्रमांक, सदनिका क्रमांक आणि दोन मोबाइल क्रमांक वॉचमनच्या नोंदवहीत लिहून द्यावेत आणि सोसायटीचे स्टिकर काचेवर लावावे. दुसरा क्रमांक घरातल्या अशा व्यक्तीचा असावा जिला गाडी हलवता येते, किंवा किल्ली कुठे आहे हे तरी माहीत असते. सकाळी सव्वासातला शाळेची वेळ गाठायची असलेला शेजारी खाली उभा असतो, तुमची गाडी त्याच्या आडवी असते आणि तुम्ही अंघोळीला गेलेले असता. अशा वेळी दुसरा क्रमांकच उपयोगी पडतो. गाडी बदलली, मित्राची गाडी चार दिवस आणली, कंपनीची गाडी मिळाली, तर त्याच दिवशी सांगावे. अनोळखी क्रमांकाची गाडी दिसली की संशय आधी येतो आणि चौकशी नंतर होते.

चौथी पायरी: गाडी लावण्याची रीत

चौकटीच्या मधोमध गाडी लावणे हे शिष्टाचाराचे पहिले कलम आहे. आपल्या बाजूचे दार नीट उघडावे म्हणून गाडी दुसऱ्या बाजूच्या रेघेला चिकटवणे हा आपला त्रास शेजाऱ्याच्या गळ्यात घालण्याचा प्रकार झाला. लावून झाल्यावर आरसे मिटावेत. मागे भिंत असेल तर बंपर टेकेपर्यंत मागे जाऊ नये, पण पुढचे नाक वाटेत येईल इतके पुढेही राहू नये. मुलांना दार उघडण्यापूर्वी ‘हळू’ म्हणायची सवय लावावी, कारण शेजारच्या गाडीच्या दारावर ओळीने पडलेल्या बारीक खड्ड्यांचे कारण नव्वद टक्के वेळा मागच्या सीटवर बसलेले असते. हा आकडा माझा अंदाज आहे, पण समितीतल्या कोणीही तो खोडणार नाही.

जिथे जागा एकामागे एक असतात, तिथे पुढच्याने आणि मागच्याने आधीच ठरवून घ्यावे: किल्ली वॉचमनपाशी टांगायची की एकमेकांकडे, रात्री अकरानंतर फोन करायचा की नाही, सकाळी आधी कोण निघतो. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या आवारात आडवी गाडी लावणारे लोक हँडब्रेक न ओढता, गिअर न्यूट्रलला ठेवून गाडी सोडतात, म्हणजे ज्याला वाट हवी तो ती ढकलून बाजूला करू शकतो. ही पद्धत सपाट जमिनीवरच चालते. उतार असेल तर ती जीवघेणी आहे, आणि दारे बंद असताना न्यूट्रलला न सोडता येणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या व हँडब्रेक आपोआप लागणाऱ्या नव्या गाड्या असे करूच देत नाहीत. अशी गाडी असेल तर दुसऱ्याच्या आडवी लावूच नये.

दुचाकीस्वारांनी शक्यतो मेन स्टँडवर गाडी लावावी, कारण साइड स्टँडवरची गाडी तिरकी होऊन दोन गाड्यांची जागा घेते. दुसऱ्याची स्कूटर मागून उचलून सरकवताना सायलेन्सर तापलेला असतो, हँडल लॉक असते, आणि सरकवताना ती पडली तर आरसा तुमच्या खात्यात येतो. म्हणून आधी हाक मारावी, फोन करावा, वॉचमनला बोलवावे आणि त्यानंतरच दोघांनी मिळून उचलावी.

दुसऱ्याच्या गाडीचा मान राखणे हे अशाच लहान गोष्टींत असते. बॉनेटवर भाजीची पिशवी टेकवू नये, बाईकच्या सीटवर बसून गप्पा मारू नयेत, मुलांनी लपाछपी खेळताना गाडीच्या कव्हरात शिरू नये, वरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचे पाणी नेमके कोणाच्या टपावर पडते हे एकदा खाली जाऊन पाहावे. बोअरचे जड पाणी काचेवर वाळले की त्याचे पांढरे डाग सहज निघत नाहीत. पहाटे गाड्या पुसणारा माणूस एकाच ओल्या फडक्याने दहा गाड्या पुसतो आणि पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासतो. त्याला स्वतःच्या गाडीसाठी वेगळे फडके द्यावे, आणि ओरखडा दिसला म्हणून शेजाऱ्यावर घसरण्यापूर्वी त्या फडक्याचा विचार करावा.

पाचवी पायरी: ज्या जागांना हातच लावायचा नाही

पाहुण्यांची जागा पाहुण्यांसाठी असते, आपल्या दुसऱ्या गाडीसाठी नव्हे. ‘रात्री कोण येते आहे’ असे म्हणत लावलेली गाडी महिन्याभरात तिथली रहिवासी होते. दिव्यांगांसाठी राखीव जागा ३.६ मीटर रुंद आखावी अशी अपेक्षा असते, कारण गाडीच्या बाजूला व्हीलचेअर उतरवून वळवावी लागते. त्यामुळे तिच्या शेजारचा पट्टेरी भागही मोकळाच राहिला पाहिजे. तिथे ‘फक्त बाइक’ लावणाराही त्या माणसाला गाडीतून उतरू देत नाही.

अग्निशमन दलाच्या गाडीचा मार्ग, पाण्याच्या टाकीचे व हायड्रंटचे तोंड, विजेच्या मीटरची खोली, जिन्याचे आणि लिफ्टचे तोंड या जागा पाच मिनिटांसाठीही वापरू नयेत. सोसायटीने विजेच्या गाड्यांसाठी सामाईक चार्जिंगची जागा केली असेल तर ती इंधन भरण्याची जागा समजावी. चार्जिंग झाले की गाडी तिथून काढावी. स्वतःच्या जागेत चार्जर बसवायचा असेल तर वायर कोणत्या मीटरवरून येणार आणि ती कोणाच्या जागेतून जाणार, याचे चित्र काढून समितीकडे अर्ज द्यावा.

सहावी पायरी: आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी दिसली तर

रात्री साडेनऊला दमून घरी यावे आणि आपल्या चौकटीत अनोळखी पांढरी गाडी उभी असावी, ही वेळ प्रत्येकावर येते. त्या पहिल्या अर्ध्या तासात माणूस जे करतो त्यावर पुढचे वर्ष कसे जाणार हे ठरते. त्यामुळे काय करू नये ते आधी सांगतो. त्या गाडीच्या मागे आपली गाडी आडवी लावून घरी जाऊ नये. हवा सोडू नये, वायपर वाकवू नये, काचेवर डिंकाने कागद चिकटवू नये, किल्लीने ओरखडा काढू नये. तुमच्या जागेत गाडी लावणे हा त्याच्याकडून झालेला सोसायटीच्या नियमाचा भंग असतो. गाडीचे नुकसान हा मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खालचा गुन्हा ठरू शकतो. म्हणजे दहा मिनिटांपूर्वी ज्याची बाजू पूर्ण न्याय्य होती तोच आरोपी होतो. माझ्या काळात अशाच एका सदस्याने चारही चाकांची हवा सोडली. ती गाडी वरच्या मजल्यावरच्या आजींना तपासायला आलेल्या डॉक्टरांची होती. पुढच्या सभेत त्या सदस्याच्या जागेचा प्रश्न कोणी काढलाच नाही, फक्त हवेचा काढला.

आता काय करावे ते. गाडी, तिचा क्रमांक आणि चौकटीवरचा तुमचा क्रमांक एकाच चौकटीत दिसेल असे छायाचित्र काढावे. काचेवर सोसायटीचे स्टिकर आहे का ते पाहावे. वॉचमनच्या वहीत त्या वेळची नोंद शोधावी, कारण दहापैकी आठ वेळा ती पाहुण्याची गाडी असते आणि त्याला ‘इथे लाव’ असे खुद्द वॉचमननेच सांगितलेले असते. मग फोन करावा. पहिले वाक्य आरोपाचे नसावे. ‘नमस्कार, मी बी विंगमधून बोलतोय. सतरा नंबरच्या जागेत जी गाडी आहे ती आपल्याकडच्या पाहुण्यांची आहे का? ती जागा माझी आहे, दहा मिनिटांत हलवता आली तर बरे होईल,’ एवढे पुरते. वयाने मोठी व्यक्ती असेल तर काका, काकू म्हणावे. संतापाच्या भरात एकदा तोंडून गेलेला एकेरी शब्द जागेपेक्षा जास्त दिवस लक्षात राहतो. कोणी फोन उचलला नाही तर वॉचमनला सांगून आपली गाडी पाहुण्यांच्या जागेत लावावी, तशी वहीत नोंद करवून घ्यावी आणि समितीला छायाचित्रासह छोटा निरोप पाठवावा.

तो निरोप सोसायटीच्या मोठ्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. तिथे छायाचित्र पडले की रात्री अकरापर्यंत साठ जण मत देतात, जुनी पाण्याची भांडणे वर येतात, आणि ज्याने नकळत गाडी लावली होती तोही अब्रूसाठी हट्टाला पेटतो.

वाहन क्रमांकावरून शासनाच्या परिवहन सेवेत गाडीची माहिती पाहता येते, पण तिथे मालकाचे पूर्ण नाव झाकलेले असते. कोणाच्यातरी ओळखीने नाव-पत्ता काढून थेट दारात जाण्याचा मार्ग धरू नये.

सातवी पायरी: प्रकार पुन्हापुन्हा घडत असेल तर

एकदा घडले ते विसरावे, दुसऱ्यांदा घडले तर बोलावे, तिसऱ्यांदा घडले की लिहावे. अर्ज छोटा आणि कोरडा असावा. नमुना असा:

‘प्रति, मा. सचिव. विषय: वाटप झालेल्या पार्किंग जागा क्र. १७ मध्ये अन्य वाहन वारंवार उभे केले जात असल्याबाबत. महोदय, संस्थेने मला वाटप केलेल्या वरील जागेत खालील तारखांना व वेळी सोबतच्या छायाचित्रांतील वाहन उभे होते. संबंधितांशी दोनदा बोलूनही सुधारणा झालेली नाही. तरी समितीच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, संबंधित सदस्यास लेखी समज द्यावी आणि झालेला निर्णय मला कळवावा, ही विनंती.’

यात शेजाऱ्याचा स्वभाव, त्याचे शिक्षण, त्याने दिवाळीत केलेला आवाज यांचा उल्लेख नसावा. तारखा मात्र असाव्यात, कारण समितीला तारखांवरून पत्र लिहिता येते, स्वभावावरून लिहिता येत नाही.

समिती बहुधा लेखी समज देते आणि बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. दंड, जॅमर किंवा साखळी यांबाबत मात्र सावध असावे: आदर्श उपविधींप्रमाणे उपविधीभंगाचा दंड ठरवणे हे सर्वसाधारण सभेचे काम आहे, आणि सभेच्या ठरावाविना अध्यक्षांनी स्वतःच्या मर्जीने लावलेला जॅमर उद्या संस्थेच्याच अंगाशी येतो. तुमच्याकडे असा ठराव झाला आहे का, हे इतिवृत्तात पाहावे. सदस्याला त्याची प्रत मागता येते.

समितीच पक्षपात करत असेल, किंवा वाटपच नियमाबाहेर झाले असेल, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. सदस्य व संस्था यांच्यातला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. तो मार्ग उपलब्ध आहे हे माहीत असावे, पण त्यात वर्षे जातात आणि दोन्ही पक्ष त्याच लिफ्टने रोज वर-खाली करत राहतात. तेव्हा तिथे जाण्यापूर्वी दोघांनाही मान्य असलेल्या एखाद्या ज्येष्ठ शेजाऱ्याला मध्ये घालून जागांची अदलाबदल होते का, ते पाहावे. आमच्याकडची दोन जुनी भांडणे नुसत्या अदलाबदलीने मिटली. एकाला खांब नको होता, दुसऱ्याला ऊन नको होते, आणि हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलेच नव्हते.

पोलिसांना बोलावण्याची वेळ वेगळी असते. मारहाण, धमकी, गाडीची मोडतोड, किंवा कोणाला बाहेर पडू न देण्याइतका अडथळा असेल तर ११२ वर फोन करावा. ‘माझ्या चौकटीत त्याची गाडी आहे’ एवढ्यासाठी पोलीस आले तरी ते दोघांना समितीकडेच जायला सांगतात, आणि ते बरोबर असते.

आठवी पायरी: चूक आपल्याकडून झाली तर

मागे घेताना कोणाच्या गाडीला लागले आणि आजूबाजूला कोणी नसले, तरी कॅमेरा असतो. तो नसता तरी पुढे सांगितलेलेच करावे. वायपरखाली नाव, सदनिका व फोन लिहिलेला कागद ठेवावा, दोन्ही गाड्यांचे छायाचित्र काढावे आणि शक्य तितक्या लवकर स्वतः जाऊन सांगावे. आधी सांगितलेला ओरखडा लोक सहज माफ करतात, कॅमेऱ्यात सापडलेला करत नाहीत. खर्चाचे बोलताना गॅरेजचा अंदाज लेखी घ्यावा. नुकसान लहान असेल तर दोघांनी विम्याचा हिशोब एकदा बघावा: दावा केला की नूतनीकरणाच्या वेळी मिळणारा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, जातो, आणि तो पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असू शकतो. दोन-तीन हजारांच्या रंगकामासाठी तो घालवण्यात अर्थ नसतो, म्हणून बहुतेक लोक आपसांत पैसे देऊन मोकळे होतात. पैसे दिल्याचा निरोप मोबाइलवर लिहून ठेवावा, म्हणजे सहा महिन्यांनी त्याच दारावर दुसरा ओरखडा उठला तर तो तुमच्या नावावर चढत नाही.

नववी पायरी: फाटकाबाहेरचा रस्ता

आत जागा मिळाली नाही म्हणून बाहेरच्या रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने एक लक्षात ठेवावे: सार्वजनिक रस्त्यावर कोणाचीच राखीव जागा नसते, घरासमोरचीही नाही. तिथे कुंडी, वीट, मोडकी खुर्ची किंवा रंगाचा डबा ठेवून जागा धरणाऱ्याला कायदा कसलाही हक्क देत नाही. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पुण्यातली लोकप्रिय पाटीही त्याच वर्गातली. तिला विनोदाइतकीच किंमत आहे, पण तिच्याखाली गाडी लावणाऱ्याची हवा जाते हेही खरे आहे. फाटकासमोर गाडी लावणे मात्र चूकच आहे, आतल्याची वाट अडवणारे पार्किंग वाहनचालनाच्या नियमांत स्पष्ट निषिद्ध आहे, आणि अशी गाडी असेल तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार करावी, स्वतः ढकलू नये.

पुण्यात नवीन आलेल्यांना पी-१ आणि पी-२ या पाट्या कळत नाहीत. रस्त्याच्या एका बाजूला विषम तारखांना आणि दुसऱ्या बाजूला सम तारखांना गाड्या लावायच्या, असा त्यांचा अर्थ आहे. रात्री बाराच्या आत गाडीची बाजू बदलायची विसरली, तर सकाळी टोइंगचा टेम्पो फिरतो आणि ती जवळच्या चौकीच्या आवारात शोधावी लागते.

गणपतीचे दहा दिवस हा वेगळा विषय आहे. बऱ्याच सोसायट्यांत मांडव पार्किंगमध्येच पडतो आणि पाच-सहा गाड्या बाहेर काढाव्या लागतात. त्या कोणाच्या, किती दिवस आणि तोवर कुठे, हे जुलैमध्येच समितीकडून लिहून घ्यावे. आमच्याकडे ज्यांच्या जागा जात त्यांना त्या काळापुरती पाहुण्यांची जागा मिळे, आणि आरतीला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या शेजारच्या शाळेच्या मैदानात लागत. त्यासाठी शाळेला पत्र मात्र आषाढातच द्यावे लागे, कारण त्या मैदानावर डोळा ठेवून बसलेल्या सोसायट्या आणखी तीन होत्या.